शिश्नावरचा न जाणारा चट्टा: दुर्मिळ त्वचाविकारांचे निदान आणि उपचार

शिश्नाच्या टोकावर किंवा पुढच्या कातडीखाली लाल, पांढरा किंवा काळपट चट्टा दिसला की बहुतेक पुरुषांच्या मनात दोनच शंका येतात, एक गुप्तरोगाची आणि दुसरी कर्करोगाची. आणि या दोन्ही शंका चारचौघांत बोलून दाखवण्यासारख्या नसल्यामुळे पहिला सल्ला बहुधा मेडिकल दुकानाच्या काउंटरवर, हळू आवाजात, ‘खाजेची ट्यूब द्या’ एवढ्याच शब्दांत घेतला जातो. प्रत्यक्षात या भागाच्या त्वचेवर होणाऱ्या विकारांची यादी बरीच लांब आहे. त्यांतले अनेक विकार संसर्गाने होत नाहीत, काही तर विकारच नसतात, आणि जे थोडे खरोखर गंभीर असतात ते सुरुवातीला अगदी निरुपद्रवी दिसतात.

हा लेख मुख्यतः क्वचित आढळणाऱ्या विकारांबद्दल आहे. ते समजून घेताना एक गोष्ट आरंभीच लक्षात ठेवावी लागते. अंगावर इतरत्र सोरायसिस किंवा नायटा ज्या कोंड्यावरून, खपलीवरून आणि कडेवरून ओळखू येतो, ती ओळख पुढच्या कातडीखाली पुसली जाते, कारण तेथील त्वचा पातळ असते, सतत दमट राहते आणि तिच्यावर खपली धरत नाही. त्यामुळे निरनिराळ्या जातींचे विकार येथे एकाच रूपात, म्हणजे गुळगुळीत, ओलसर, लाल चट्ट्याच्या रूपात समोर येतात. साध्या बुरशीचा चट्टा, वर्षानुवर्षे राहूनही फारसा अपाय न करणारा चट्टा आणि कर्करोगाची पहिली पायरी असलेला चट्टा हे तिन्ही कधी कधी इतके सारखे दिसतात की मुरलेल्या त्वचारोगतज्ज्ञालाही नुसत्या नजरेने त्यांतला फरक खात्रीने सांगता येत नाही. अशा वेळी निदानाचा शेवटचा शब्द सूक्ष्मदर्शकाचा असतो, आणि पुढचे सगळे उपचार त्यावरच ठरतात.

आधी नेहमीची कारणे

दुर्मिळ आजाराचा विचार करण्याआधी नेहमीची कारणे एकेक करून बाजूला सारावी लागतात. शिश्नाच्या टोकाचा जो फुगीर भाग असतो, म्हणजे शिश्नमुंड, त्याच्या मागच्या कडेने एक-दोन ओळींत बसलेले, एक ते दोन मिलिमीटरचे, मोतिया रंगाचे बारीक दाणे अनेक तरुणांना असतात. ते नैसर्गिक रचनेचाच भाग आहेत, कोणाकडून लागलेले नाहीत आणि कोणाला लागणारही नाहीत. कातडीवर दिसणारे पिवळसर ठिपकेही बहुधा तेलग्रंथींचेच असतात. हे दाणे मस (चामखीळ) समजून जाळून घेणारे तरुण काही कमी नाहीत, आणि त्यातून मागे राहणारा व्रण मूळ दाण्यांपेक्षा कितीतरी जास्त त्रास देतो.

खाज, लाली, कातडीला चिरा आणि पांढरट थर अशी तक्रार असेल तर पहिली शंका बुरशीची, आणि बुरशी वारंवार होत असेल तर पहिली तपासणी रक्तातल्या साखरेची. मधुमेह आहे हे कित्येकांना याच तक्रारीमुळे प्रथम कळते. शिवाय डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या मधुमेहाच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे साखर आटोक्यात असूनही या जागी बुरशी वाढू शकते. गोळ्या सुरू झाल्यानंतर ही तक्रार आली असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, मात्र गोळी परस्पर बंद करू नये. न दुखणारा व्रण दिसला तर तो सिफिलिस नाही ना हे रक्ततपासणीने पाहणे, आणि बारीक फोडांचे झुपके वारंवार येत असतील तर हर्पिसचा विचार करणे, हेही याच पहिल्या फेरीतले काम आहे.

नेहमीच्या कारणांपैकी एकाकडे मात्र फार दुर्लक्ष होते, आणि ते म्हणजे औषधाचा चट्टा. काही माणसांना विशिष्ट गोळी घेतल्यावर काही तासांत शिश्नमुंडावर लालसर-जांभळा, आग होणारा चट्टा उठतो, कधी त्यावर फोड येऊन फुटतो, आणि तो बरा झाला तरी काळपट डाग मागे ठेवतो. तीच गोळी पुन्हा घेतली की चट्टा नेमका त्याच जागी पुन्हा उठतो. कोट्रायमोक्साझोल, डॉक्सिसायक्लिन, नॉरफ्लॉक्सासिन, टिनिडाझोल आणि अनेक वेदनाशामक गोळ्या यासाठी प्रसिद्ध आहेत. जुलाबासाठी घेतलेल्या गोळीने आलेला हा चट्टा नवराबायकोत संशयाचे भूत उभे करतो, कारण त्याचा संबंध पोटाच्या औषधाशी असेल हे कोणाच्या ध्यानीमनी नसते. चट्टा उठण्याआधीच्या एक-दोन दिवसांत पोटात काय काय गेले याची यादी केली, तर कित्येकदा निदान त्या यादीतच सापडते. दोषी गोळीचे नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवावे आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवावे, हाच येथे मुख्य उपचार.

मेडिकल दुकानातली ट्यूब

आपल्याकडे काउंटरवर सहज मिळणाऱ्या अनेक ट्यूबांमध्ये तीव्र स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि प्रतिजैविक असे सगळे एकत्र घातलेले असते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा औषधांच्या यादीत टाकली, पण काउंटरवरची सवय त्यामुळे मोडली असे म्हणता येणार नाही. या मिश्रणाने दोन-तीन दिवसांत लाली उतरते, खाज थांबते आणि माणूस निश्चिंत होतो. बुरशी असेल तर ती स्टेरॉइडच्या आडून आतल्या आत पसरते. औषधाचा चट्टा असेल तर तो तसाही उतरणारच होता. आणि कर्करोगपूर्व चट्टा असेल तर तो थोडा फिकट पडून तसाच राहतो आणि महिने वाया जातात. त्यातून या भागाची त्वचा पातळ असल्यामुळे तीव्र स्टेरॉइड बेहिशेबी लावत राहिल्यास ती आणखी पातळ होते, तिच्यावर बारीक लाल शिरा दिसू लागतात आणि साध्या घर्षणानेही चिरा पडतात. पुढे येणाऱ्या एका विकारावर हेच तीव्र स्टेरॉइड मुख्य औषध आहे हे खरे. परंतु तेथे ते निदान झाल्यावर, मोजून आणि ठराविक मुदतीसाठी दिले जाते.

व्यवहारात उपयोगी पडेल अशी एक मर्यादा सांगता येते. योग्य निदानानुसार उपचार घेऊनही जो चट्टा, व्रण किंवा गाठ साधारण चार आठवड्यांत हटत नाही, तिचा तुकडा तपासण्याबद्दल डॉक्टरांशी बोलले पाहिजे. कडक झालेला, सहज रक्त येणारा, वाढत जाणारा व्रण किंवा जांघेत अवधाण (सुजलेली गाठ) येणे या गोष्टी असतील तर चार आठवडेही थांबू नये.

तपासणीच्या खोलीत काय होते

त्वचारोगतज्ज्ञ प्रथम प्रश्न विचारतात: चट्टा केव्हापासून आहे, येतो-जातो की कायम आहे, काय काय लावले, कोणती औषधे चालू आहेत, पुढची कातडी मागे सरते का, लघवीची धार बारीक झाली आहे का, तंबाखू किती, लैंगिक संबंधांचा इतिहास काय. या शेवटच्या प्रश्नाला खोटे उत्तर देण्याचा मोह होतो, आणि तो टाळावा एवढेच म्हणता येईल, कारण त्या उत्तरावर कोणत्या तपासण्या करायच्या हे अवलंबून असते. त्यानंतर केवळ चट्टाच पाहिला जातो असे नाही. तोंडात गालाच्या आतून पांढरी जाळी दिसली तर लायकेन प्लॅनस या दाहाच्या त्वचाविकाराचा, नखांवर खड्डे आणि कोपरांवर खपल्या दिसल्या तर सोरायसिसचा धागा हाती लागतो. सांधेदुखी, डोळे येणे आणि शिश्नमुंडावर नागमोडी कडेचे चट्टे हे एकत्र असतील तर संसर्गानंतर येणाऱ्या सांध्यांच्या आजाराची शंका घेतली जाते. जांघेतील गाठी बोटांनी चाचपल्या जातात. डर्माटोस्कोप नावाचे प्रकाश देणारे हातातले भिंग ठेवून चट्ट्यातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांची ठेवण पाहता येते, आणि त्यावरून तुकडा कोठून घ्यावा हे ठरवणे सोपे जाते.

तुकडा काढणे, म्हणजे बायोप्सी, या शब्दानेच अनेकांच्या पोटात गोळा येतो, म्हणून ती कशी होते हे जरा सविस्तर सांगणे योग्य ठरेल. आधी अर्धा ते एक तास बधिर करणारे मलम लावून ठेवतात आणि नंतर अतिशय बारीक सुईने भूल देतात. सुई टोचल्याची क्षणभर जाणीव होते, पुढे केवळ स्पर्श कळतो. तीन ते चार मिलिमीटर व्यासाच्या गोल पात्याने त्वचेचा छोटासा दंडगोल काढला जातो आणि आपोआप विरघळणाऱ्या धाग्याचा एखादा टाका घातला जातो. एवढे सगळे पंधरा-वीस मिनिटांत आटोपते आणि माणूस चालत घरी जातो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधी सांगायचे असते, आणि जखम पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे साधारण दोन आठवडे, संभोग टाळायचा असतो. लैंगिक क्षमतेवर या छोट्या तुकड्याचा परिणाम होत नाही.

तुकडा कोठून आणि कसा घेतला यावर अहवालाची किंमत ठरते. व्रण असेल तर मध्यातल्या मेलेल्या भागातून नव्हे, तर जिवंत कडेसह तुकडा घ्यावा लागतो. चट्टा मोठा किंवा ठिकठिकाणी वेगळा दिसणारा असेल तर दोन-तीन जागांहून घ्यावा लागतो, कारण एकाच चट्ट्यात एका टोकाला साधा दाह आणि दुसऱ्या टोकाला कर्करोगपूर्व बदल असू शकतो. आधी स्टेरॉइड मलम चालू असेल तर ते काही दिवस थांबवून तुकडा घेणे अधिक चांगले. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे जाणाऱ्या कागदावर वय, चट्ट्याचे वर्णन आणि डॉक्टरांच्या मनातल्या शंका लिहिलेल्या असाव्यात; कोऱ्या कागदासह पाठवलेल्या तुकड्यावर ‘अविशिष्ट दाह’ एवढेच उत्तर येण्याची शक्यता वाढते. असे उत्तर आले आणि चट्टा मात्र जागचा हलला नाही, तर दुसऱ्यांदा तुकडा घेणे हा उतावळेपणा नव्हे, ती रीतच आहे.

एकसारखे दिसणारे लाल चट्टे

१९५२ मध्ये झून या डच त्वचारोगतज्ज्ञाने सुंता न झालेल्या, बहुधा मध्यमवयीन किंवा वयस्क पुरुषांमध्ये दिसणाऱ्या एका चट्ट्याचे वर्णन केले. तो नारिंगी-लाल, ओलसर, चकाकणारा असतो, त्याच्यावर लाल तिखट भुरभुरावे तसे बारीक ठिपके दिसतात, आणि शिश्नमुंडावर जेथे चट्टा असतो त्याच्या बरोबर समोर कातडीच्या आतल्या बाजूसही त्याची जोड असते. सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेच्या खालच्या थरात प्लाझ्मा पेशींची (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पेशींची) दाट गर्दी दिसते. दमटपणा, घर्षण आणि अडकून राहणारी लघवी यांमुळे हा दाह होत असावा असे मानले जाते. तो संसर्गजन्य नाही. जागा कोमट पाण्याने धुऊन कोरडी ठेवणे, साबणाचा अतिरेक टाळणे, थोड्या दिवसांसाठी सौम्य ते मध्यम स्टेरॉइड किंवा टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेले दाहशामक मलम, आणि तरीही चट्टा परत परत आला तर सुंता, असा उपचारांचा क्रम असतो. सुंतेनंतर हा विकार बहुतेकांत कायमचा जातो.

आता त्याचा तोतया पाहू. पॅरिसचे क्वेरा यांनी १९११ मध्ये शिश्नमुंडावरील मखमली, तांबडालाल, स्पष्ट कडेच्या चट्ट्याचे वर्णन केले, आणि पुढच्याच वर्षी बॉस्टनच्या बोवेन यांनी त्वचेवरील अशाच एका कर्करोगपूर्व विकाराची नोंद केली. शिश्नमुंड किंवा कातडीच्या आतील बाजूस असेल तर क्वेराचा चट्टा आणि शिश्नाच्या दांड्यावरील कोरड्या त्वचेवर असेल तर बोवेनचा विकार, अशी नावे पडली. पण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हीत एकच गोष्ट दिसते. त्वचेच्या वरच्या थरातील पेशी पूर्ण जाडीभर कर्करोगासारख्या झालेल्या असतात, मात्र त्यांनी खालची सीमा अजून ओलांडलेली नसते. ही सीमा ओलांडली की तो खरा कर्करोग होतो. क्वेराच्या चट्ट्यात तसे होण्याची शक्यता बोवेनपेक्षा जास्त मानली जाते. खाज नाही, दुखत नाही, नुसता लाल डाग आहे म्हणून वर्षभर काढणारे रुग्ण याच गटातले असतात.

तरुणांमध्ये याच कुळातला एक सौम्य प्रकार आढळतो. शिश्नावर तपकिरी किंवा जांभळट, चपटे, अनेक दाणे येतात आणि ते साध्या मसासारखे वाटतात. तुकड्याच्या अहवालात बोवेनसारखेच भयंकर वर्णन वाचून रुग्णाची झोप उडते, परंतु या दाण्यांचे वर्तन अहवालापेक्षा पुष्कळ निरुपद्रवी असते आणि काही वेळा ते आपोआपही जातात. येथे एकट्या अहवालावर मोठी शस्त्रक्रिया ठरवणे चूक ठरू शकते. वय, दाण्यांची संख्या आणि स्वरूप यांची सांगड घालूनच निर्णय घ्यावा लागतो. सूक्ष्मदर्शकाला शेवटचा शब्द असला तरी तो शब्द रुग्ण समोर बसवून वाचावा लागतो तो असा.

या दाण्यांमागे ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा, विशेषतः त्याच्या १६ क्रमांकाच्या प्रकाराचा, हात असतो, आणि कर्करोगपूर्व चट्ट्यांपैकीही बऱ्याच चट्ट्यांत तो सापडतो. म्हणून अशा रुग्णाच्या पत्नीने किंवा जोडीदाराने गर्भाशयमुखाची तपासणी करून घेणे शहाणपणाचे असते. याच विषाणूविरुद्ध पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लशीला भारतात मुलगे आणि मुली दोघांसाठीही मान्यता आहे. ती आधी घ्यायची लस आहे, झालेला चट्टा तिने जात नाही.

लाल चट्ट्यांच्या या रांगेत आणखी एक फसवा पाहुणा आहे. पॅजेट यांनी १८७४ मध्ये स्तनाग्रावर वर्णन केलेला विकार शिश्नावर आणि अंडकोशाच्या त्वचेवरही होऊ शकतो हे क्रॉकर यांनी १८८९ मध्ये दाखवले. साठीपुढच्या माणसाला खाजणारा, किंचित ओला, हळूहळू पसरणारा चट्टा येतो आणि नायटा किंवा इसब समजून त्यावर महिनोन्‌महिने मलमे लावली जातात. तुकडा तपासल्यावर त्वचेत मोठ्या, फिकट पेशी विखुरलेल्या दिसतात आणि विशेष रंगद्रव्ये वापरून त्यांची ओळख पटवावी लागते. काही रुग्णांत मूत्राशय, प्रोस्टेट किंवा मोठ्या आतड्यात दडलेला कर्करोग या चट्ट्याच्या मुळाशी असतो, त्यामुळे चट्टा काढण्याबरोबर तेथेही शोध घ्यावा लागतो. डोळ्यांना दिसणाऱ्या कडेच्या पलीकडे या पेशी पसरलेल्या असल्यामुळे शस्त्रक्रियेत कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासत तपासत चट्टा काढणे श्रेयस्कर ठरते, आणि तरीही तो परत येऊ शकतो.

पांढरा पडणारा आणि आवळत जाणारा विकार

दुर्मिळ म्हणून सांगितला जाणारा, पण प्रत्यक्षात न ओळखल्यामुळेच दुर्मिळ वाटणारा विकार म्हणजे लायकेन स्क्लेरोसस. शिश्नावरील या विकाराला १९२८ पासून एक वेगळे लांबलचक लॅटिन नाव चिकटले आणि मूत्ररोगतज्ज्ञांच्या कागदांवर त्याची ‘बीएक्सओ’ ही तीन अक्षरे अजूनही दिसतात. सुरुवात साधी असते. पुढच्या कातडीची कड पांढुरकी, चिवट होते, संभोगाच्या वेळी तिला चिरा पडतात, आणि पूर्वी सहज मागे सरणारी कातडी आता सरेनाशी होते. प्रौढ वयात कातडी नव्याने घट्ट होत असेल तर हा विकार नाही ना, हे पाहिलेच पाहिजे. पुढे शिश्नमुंडावर पांढरे, पातळ, सुरकुतलेले चट्टे येतात. ते पाहून कोड आले असे अनेकांना वाटते, पण कोडात रंग जातो आणि त्वचा मऊच राहते, येथे त्वचेचा पोतच बदलतो. मग मूत्रद्वार बारीक होते, धारेला फाटे फुटतात, लघवीला जोर करावा लागतो, आणि काही जणांत आकुंचन मूत्रमार्गात आतपर्यंत सरकत जाते.

लवकर सापडल्यास क्लोबेटासोल हे तीव्र स्टेरॉइड मलम दिवसातून एकदा, साधारण एक ते तीन महिने, पातळ थराने लावल्यास बऱ्याच रुग्णांची कातडी पुन्हा मोकळी होते. न झाल्यास सुंता करावी लागते, आणि काढलेली कातडी टाकून न देता तपासणीसाठी पाठवणे अत्यावश्यक असते. ही गोष्ट छोट्या दवाखान्यांत अनेकदा राहून जाते. खर्च वाचतो, पण निदान कायमचे हरवते. मूत्रद्वार आकसले असेल तर ते रुंद करण्याची शस्त्रक्रिया लागते. नुसत्या सळईने पुन्हा पुन्हा मार्ग ताणत राहणे हा लांबच लांब आकुंचनावरचा टिकाऊ उपाय नव्हे.

या टप्प्यावर पुण्याचा संबंध येतो. भारतात मूत्रमार्गाच्या संपूर्ण लांबीभर आकुंचन झालेल्या रुग्णांमध्ये लायकेन स्क्लेरोसस हे एक मोठे कारण आहे, आणि अशा रुग्णांसाठी एकाच बाजूने मूत्रमार्ग मोकळा करून, गालाच्या आतले अस्तर लावून तो रुंद करण्याची पद्धत पुण्याचे शल्यचिकित्सक संजय कुलकर्णी यांनी विकसित केली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत आज त्यांच्या नावाने जगभर ओळखली जाते. गालाचेच अस्तर का, याचे उत्तर रोगातच आहे. जननेंद्रियाची त्वचा ठिगळासाठी वापरली तर रोग त्या ठिगळातही शिरतो, तोंडातल्या अस्तरात मात्र तो सहसा शिरत नाही. तरी त्यात एक अस्सल देशी अडचण आहे. गुटखा आणि सुपारी खाऊन ज्यांचे तोंड उघडेनासे झाले आहे आणि गाल आतून चामड्यासारखे कडक झाले आहेत, त्यांच्याकडून हे अस्तर नीट मिळत नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण शल्यचिकित्सकांसमोर येणारे गाल काही वेगळेच सांगतात.

लायकेन स्क्लेरोसस संसर्गजन्य नाही, लैंगिक संबंधातून लागत नाही आणि पत्नीला त्यासाठी औषध घ्यावे लागत नाही. मात्र दीर्घकाळ राहिलेल्या विकारात काही टक्के रुग्णांना कर्करोग होतो, म्हणून कातडी मोकळी झाली तरी दर सहा महिन्यांनी-वर्षाने दाखवत राहावे लागते आणि मध्येच गाठ, जाड पांढरा थर किंवा न भरणारा व्रण दिसला तर ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नसते.

न भरणारे व्रण

चेन्नई, म्हणजे तेव्हाचे मद्रास, येथे काम करणाऱ्या चार्ल्स डोनोव्हन यांनी १९०५ मध्ये जननेंद्रियावरील एका विशिष्ट व्रणातल्या पेशींच्या पोटात दोन्ही टोकांना गडद रंग घेणारे जंतू पाहिले. हा व्रण मांसासारखा लालबुंद असतो, सहज रक्ताळतो, पसरतो, पण दुखत नाही, आणि जांघेत खऱ्या गाठीही येत नाहीत. तमिळनाडू, आंध्र प्रदेश, ओडिशा या पट्ट्यात तो एकेकाळी नित्याचा होता; आज तो इतका विरळ झाला आहे की नव्या डॉक्टरांनी तो पुस्तकातच पाहिलेला असतो, आणि त्यामुळे तो कर्करोग समजला जाण्याचा धोका उभा राहतो. व्रणाच्या कडेचा खरवडलेला अंश काचेवर पसरून, रंग देऊन पाहिला की तासाभरात उत्तर मिळू शकते. ॲझिथ्रोमायसिन किमान तीन आठवडे आणि व्रण पूर्ण भरेपर्यंत घेतल्यावर तो बरा होतो. गोळ्यांनी भरणाऱ्या व्रणासाठी अवयव गमावण्याची वेळ येऊ नये, म्हणूनही आधी तुकडा.

क्षयरोगही या जागी क्वचित येतो. शिश्नमुंडावर न दुखणारे, मध्ये खड्डा पडून खोल वण ठेवणारे, वर्षानुवर्षे येत-जात राहणारे दाणे हे शरीरात दुसरीकडे असलेल्या क्षयजंतूंविरुद्धची प्रतिक्रिया असू शकतात. त्वचेच्या तुकड्यात जंतू सापडतीलच असे नाही. तुकड्याची ठेवण, क्षयाची चाचणी, छातीचा एक्स-रे आणि इतर कारणांचा अभाव यांवरून निदान बांधावे लागते. क्षयाची नेहमीची सहा महिन्यांची औषधे सरकारी कार्यक्रमातून विनामूल्य मिळतात आणि त्यांनी हे व्रण आश्चर्य वाटावे इतके चांगले भरून येतात.

बाकीच्यांचा उल्लेख थोडक्यात करतो. सपाट, काळपट डाग बहुतेकदा निव्वळ रंगद्रव्याचा असतो, परंतु तो वाढत असेल, त्याच्या कडा वेड्यावाकड्या असतील किंवा त्यात अनेक रंग असतील तर अत्यंत विरळ असलेल्या मेलानोमासाठी, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगासाठी, तुकडा घ्यावाच लागतो. वयस्क पुरुषांत शिश्नमुंडावर अभ्रकाचे पापुद्रे सुटावेत तसा जाड थर येण्याचा एक विकार १९६१ मध्ये फ्रान्समध्ये प्रथम नोंदला गेला. तो हळू वाढतो आणि त्यातून चामखिळीसारखा कर्करोग निपजू शकतो. डायलिसिसवर असलेल्या रुग्णाच्या शिश्नाचे टोक असह्य वेदनेसह काळे पडू लागले तर ती त्वचेची तक्रार नसून रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचण्याची गंभीर खूण असू शकते, आणि त्या ठिकाणी मात्र तुकडा घेतल्याने जखम चिघळण्याची भीती असते. आकार वाढवण्याच्या नादात तेल किंवा व्हॅसलीन टोचून घेतल्याने कडक गाठी झालेले रुग्णही येतात. विचारल्याशिवाय ते ही गोष्ट सांगत नाहीत.

कर्करोगपूर्व चट्टा आणि कर्करोग यांचे उपचार

पेशींनी सीमा ओलांडलेली नाही असे अहवालात आले, तर शिश्न वाचवून उपचार करता येतात. पाच टक्के फ्लुरोयुरासिल किंवा इमिक्विमॉड हे मलम काही आठवडे लावल्यास सुमारे निम्म्या किंवा त्याहून थोड्या अधिक रुग्णांत चट्टा पूर्ण जातो. या काळात जागा लाल होते, सोलवटते, लघवी लागली की झोंबते, आणि औषध वाईट लागले असे समजून रुग्ण मध्येच थांबतो; वस्तुतः ती प्रतिक्रिया अपेक्षितच असते, आणि ती किती सोसावी हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवायला हवे. मलमाने काम झाले नाही तर लेझर किंवा शिश्नमुंडावरची रोगट त्वचा सोलून तेथे मांडीची पातळ त्वचा बसवण्याची शस्त्रक्रिया करता येते. यानंतर संवेदना थोडी बदलते, पण ताठरता टिकते. चट्टा दिसेनासा झाला म्हणजे पेशी गेल्याच असे नाही, म्हणून शंका असेल तर पुन्हा तुकडा घेऊन खात्री केली जाते.

सीमा ओलांडली असेल तर तो शिश्नाचा कर्करोग होय, आणि तो बहुतांशी वरच्या थरातील पेशींचाच असतो. कातडी मागे न सरणे, तंबाखू आणि पॅपिलोमा विषाणू ही त्याची प्रमुख कारणे. येथेही लहान गाठ असेल तर केवळ तेवढा भाग काढून अवयव राखता येतो. मात्र आयुष्याचा हिशोब ठरतो तो जांघेतील गाठींवर. त्या हाताला लागत नसल्या तरी त्यांत रोग असू शकतो, म्हणून रोगाच्या खोलीनुसार त्या तपासण्याची किंवा काढण्याची शिफारस केली जाते. अशा शस्त्रक्रिया सरावाच्या हातांनी व्हाव्यात, त्यासाठी मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या केंद्राचा सल्ला घेणे हिताचे. केवळ संसर्गाची शंका असेल, पैशांची अडचण असेल किंवा ओळखीच्या डॉक्टरांकडे जायची लाज वाटत असेल तर सरकारी रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी आणि समुपदेशन मोफत मिळते.

तुकड्याचा अहवाल हाती आला की त्याच्या दोन प्रती काढून ठेवाव्यात आणि प्रयोगशाळेकडे मेणात बसवलेला मूळ ठोकळा, ज्याला सगळे ब्लॉक म्हणतात, आणि काचपट्ट्या कोठे जपलेल्या आहेत हे विचारून घ्यावे. मोठ्या केंद्रात दुसरे मत घ्यायला गेल्यास तेथील पॅथॉलॉजिस्ट नवा तुकडा मागण्याआधी तोच ब्लॉक मागतात, त्यातून नव्या चकत्या कापून विशेष रंग देतात, आणि काही वेळा पहिल्या अहवालातले निदान तेथे बदलते.